माझ्या नावाची फाइल

आमच्या घरात माझ्या नावाची एक फाइल होती. खरीखुरी फाइल. पिवळट पुठ्ठा, लाल नाडी, आत हिरवट नोटशिटा. वर बाबांच्या ठसठशीत अक्षरात माझं नाव आणि त्याखाली 'विषय : आचरण एवं सुधार'. लोकांच्या घरी मुलांच्या फोटोंचे आल्बम असतात. आमच्याकडे तोही होता, पण त्यातल्या बहुतेक फोटोंत मी कॅमेरा सोडून भलतीकडेच बघते आहे, म्हणून तो पाहुण्यांना दाखवत नसत.

बाबा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. साहेब येतात आणि बदलून जातात, बडे बाबू तिथंच असतात, आणि कचेरी खरी कोण चालवतं हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतं. घरी आम्ही आमची वऱ्हाडी वळणाची मराठी बोलायचो, शाळेत आणि बाजारात हिंदी. पण बाबा लिहायला बसले की त्यांच्या हातून फक्त कचेरीची हिंदी बाहेर पडायची. किराण्याची यादीसुद्धा ते 'निम्नानुसार' लिहून सुरू करत. दुकानदार ती यादी दोन्ही हातांनी घ्यायचा.

माझी फाइल उघडली तेव्हा मी दहा वर्षांची होते. निमित्त शाळेतून आलेल्या चिठ्ठीचं. बाईंनी लिहिलं होतं की ही मुलगी हाक मारली तर बघत नाही, बघितलं तर बोलत नाही, आणि बोलायला लागली तर थांबत नाही. बाईंचं निरीक्षण अचूक होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती चिठ्ठी झाली पान क्रमांक एक. त्यापुढे बाबांनी स्वतः नोंदी करायला सुरुवात केली. क्रमांक चार : नमस्तेचं उत्तर उशिरा देते. क्रमांक सात : वरण आणि भात ताटात एकमेकांना लागू देत नाही. क्रमांक अकरा : फ्रॉकच्या मानेमागची पट्टी कापून टाकते, फ्रॉकसकट. क्रमांक पंधरा : पाहुण्यांच्या चुका काढते.

या पंधराव्या नोंदीबद्दल मला अजून राग आहे. वारासिवनीचे एक काका एका रविवारी आले आणि म्हणाले, चारच्या बसनं आलो. मी म्हटलं, "काका, रविवारी चारची बस नसते." नव्हतीच. मग काका कुठून आले, कसे आले, याचा शोध काकूंनी पुढचे दोन महिने घेतला, आणि तो लागलाही. पण फाइल उघडली गेली ती माझी, काकांची नाही.

आई या प्रकारावर सुरुवातीपासून भडकलेली. "लेकरावर फाइल काढते का कोनी? ती काय निलंबित हाय?" असं ती विचारायची.

बाबा शांतपणे म्हणत, "लिहून ठेवलं म्हणजे सुधारता येते. मी काय वाईटासाठी करून राह्यलो का?"

वाईटासाठी नव्हतेच करत, हे मी आजही शपथेवर सांगेन. बाबांना प्रेम करायची एकच रीत येत होती, ती म्हणजे पाठपुरावा.

पाठपुरावा असा की रोज संध्याकाळी सात वाजता माझा सराव असायचा. बाबा खुर्चीवर बसून पाहुणे व्हायचे. "नमस्ते बेटा, कैसी हो?" मी त्यांच्या डोळ्यांत तीन मोजेपर्यंत बघायचं, हसायचं, आणि 'अच्छी हूँ अंकल' म्हणायचं. डोळ्यांत बघितलं की मला शब्द दिसेनासे व्हायचे आणि शब्द शोधायला गेलं की डोळे सुटायचे. त्याच वेळी आई कुकर लावायची. पहिली शिट्टी व्हायच्या बेतात आली की बाबा सराव थांबवून मागच्या अंगणात जात, तीन शिट्ट्या होईपर्यंत पेरूच्या झाडाखाली उभे राहत, आणि परत येऊन मला सांगत, "हं. आवाजाले घाबरायचं नसते."

गल्लीतल्या लोकांचं आपापलं मत होतंच. कुणी मला घुमी म्हणायचं, कुणी सनकी. शेजारच्या एका काकूंनी मात्र कुठंतरी ऐकलं की अशी मुलं म्हणजे आतून फार हुशार असतात. त्या एक दिवस लाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सांग बरं, माझ्या लग्नाच्या तारखेला कोणता वार होता?" मी म्हटलं, "मले नाही माहीत. मले गणितात पंचेचाळीस मार्क हायेत." त्यांचा चेहरा एवढा पडला की मला लाडूबद्दल काळजी वाटली. तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं, आता नीट सांगता येतं. घरात नांदायचं तर काहीतरी अचाट येत असलं पाहिजे, ही अट माझ्या ताईला कुणी घातली नव्हती. ताईला भाकरीसुद्धा गोल येत नव्हती आणि तरी ती सगळ्यांना हवी होती.

मी सतरा वर्षांची असताना बाबांनी मला नागपूरच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तास-दीड तास बोलून कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला आणि मराठीत समजावून सांगितलं की याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटला नाही आणि आवडलाही. पटला नाही, कारण स्वतःत मग्न मी कधीच नव्हते. मी पंख्याच्या आवाजात, भिंतीच्या पोपड्यांत, पावलीच्या आकाराच्या उन्हाच्या ठिपक्यात मग्न असायचे, स्वतःकडे बघायला मला फुरसत कुठे होती! पण आवडला, कारण माझ्यासारखी बरीच माणसं कुणीतरी बघितल्याशिवाय शब्द कशाला तयार होईल? म्हणजे आणखी माणसं होती. परतताना गोंदियाला उतरून बालाघाटच्या छोट्या रेल्वेगाडीत बसलो तरी मी त्यांचाच विचार करत होते. बाबांनी घरी येऊन तो कागद फाइलला लावला आणि त्यावर लाल शाईनं लिहिलं, 'उपाय?'

मग दोन हजार एक सालच्या दिवाळीनंतर ताईचं लग्न ठरलं. मुलगा भंडाऱ्याचा, बँकेत नोकरीला, बोलायला मोकळा. लग्न पुढच्या मे महिन्यात, आमच्याकडे बालाघाटात. आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला की करवली कोण.

करवली म्हणजे नवरीची धाकटी बहीण. हातात पाण्यानं भरलेला करा घेऊन ती नवरीच्या मागे उभी असते, अंतरपाट धरल्यापासून शेवटचं मंगलाष्टक होईपर्यंत. म्हणजे भर मांडवात, बँड, फटाके आणि चारशे माणसांच्या मधोमध, वरून अक्षतांचा मारा. अक्षता अंगावर पडल्या की मला प्रत्येक दाणा वेगळा टोचतो. नवरीची धाकटी बहीण मी एकटीच होते.

"माही पोरगी राह्यल उभी," मामी म्हणाली. "हिले त्या दिवशी बाजूच्या घरी टीव्ही पाह्यत बसवू. भंडाऱ्यावाल्यांले सांगतलं नाही ना अजून हिचं?"

"नाही सांगतलं," बाबा म्हणाले.

हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. मी बघत नाही म्हणजे मला ऐकूही येत नाही, अशी आमच्या नातेवाइकांची पक्की समजूत. मी खाली मान घालून शेंगा सोलत होते आणि मला ताईच्या मागे उभं राहायचं होतं. इतकं हवं होतं की मी दाणे टरफलांत टाकत होते. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. शाळेत कुणी मला चिडवलं की ती त्याची पाटी फोडून यायची. तिच्या लग्नात मी शेजारच्या घरी टीव्ही बघणार होते.

त्या रात्री जेवताना ताईलाच विचारलं. ती खोटं बोलत नाही, म्हणून तर मला आवडते. ती म्हणाली, "मले तूच पाह्यजे, बाई. पण मले भीती वाटते. तू मधीच बसली, रडली, त सगळे तिकडं पाह्यतील. माह्या सासरचे पहिल्याच दिवशी काय म्हणतील?"

भीती माझीही तीच होती.

बाबांनी निर्णय तहकूब ठेवला. कचेरीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मलाजखंडला खाणीच्या वसाहतीत एका इंजिनिअरची बायको राहते, नाशिककडची, मुंबईत समुपदेशन शिकलेली, तिथं नोकरी नाही म्हणून घरीच लोकांना भेटते. 'मॅडमचा अभिप्राय आल्यावर ठरवू,' असं बाबांनी जाहीर केलं. मग एका शनिवारी सकाळच्या बसनं, बैहरचा घाट चढून, आम्ही दोघं मलाजखंडला गेलो. माझ्या मांडीवर डबा आणि बाबांच्या मांडीवर फाइल.

मॅडम म्हणजे पायात स्लिपर, केसांना पेन्सिल खोचलेली अशी एक चाळिशीची बाई. मी त्यांना पुढे काकूच म्हणायला लागले. बाबांनी साहेबांपुढे ठेवावी तशी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली आणि आम्हाला चहा देऊन अख्खी वाचून काढली. एकही पान चाळलं नाही, वाचलं. बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. बिचाऱ्यांच्या नोटशिटा इतक्या मनापासून कुठल्याच साहेबानं वाचल्या नसणार.

वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, "काम फार चोख आहे तुमचं. एकच कागद सापडला नाही."

"कोणता?" बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"हिचा. चौतीस नोंदी आहेत हिच्याबद्दल, त्यातली एकही हिची नाही. चौकशी करताना दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेत नाहीत का तुमच्याकडे?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, कारण घेतात.

"आणि दुसरं. इथं ठिकठिकाणी लिहिलंय, 'सामान्य नहीं'. हे सामान्य कुणी ठरवलं? म्हणजे आदेश कुणाचा? क्रमांक काय, दिनांक काय?"

आता हे तुम्हाला साधं वाटेल. पण बाबांनी तीस वर्षांच्या नोकरीत क्रमांक आणि दिनांक नसलेला एकही आदेश मानला नव्हता. एकदा तर एका मोठ्या साहेबाचा तोंडी हुकूम त्यांनी 'लेखी द्यावा' म्हणून परत पाठवला होता, त्याची कथा कचेरीत अजून सांगतात. बाबांनी फाइल स्वतःकडे ओढून घेतली आणि खरोखर पानं उलटून बघायला लागले.

तेवढ्यात काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता भोंगा होईल. मग थोड्या वेळानं खाणीत सुरुंग उडेल, काचा हलतील." भोंगा झाला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. मग लांबून धडाम आवाज आला, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि बाबांच्या बशीत चहा सांडला. मी तशीच बसून होते.

"घाबरली नाहीस?" काकूंनी विचारलं.

"सांगून आला ना," मी म्हटलं. हे माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य.

काकू हसल्या. म्हणाल्या, "बघ की. इथं अख्ख्या वसाहतीला आधी सांगितल्याशिवाय कुणी आवाज करत नाही. त्याला सगळे सुरक्षा म्हणतात. तू घरात तेच मागितलंस तर त्याला आजार म्हणायचं?"

बसमध्ये परतताना उकवा गाव मागे पडलं तेव्हा बाबा म्हणाले, "आदेश नाही सापडला."

त्यानंतर महिन्यातून दोनदा आम्ही जायचो. काकूंची पद्धत मजेशीर होती. त्यांचं म्हणणं, त्रास वेगळा आणि तू वेगळी. त्या त्रासाला आपण नाव देऊ आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसवू. बाबांना वाटलं मी 'स्वमग्नता' म्हणेन. तीन भेटींपर्यंत मी काहीच म्हटलं नाही, काकूंनीही घाई केली नाही. चौथ्या वेळी मला नाव सापडलं. मी म्हटलं, "तपासणी."

मग आम्ही तपासणीची तपासणी केली. ती घरी कधी येते? पाहुण्यांबरोबर, शाळेच्या चिठ्ठीबरोबर, आणि रोज संध्याकाळी सात वाजता. ती आली की काय होतं? मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, आईला राग येतो, ताईला भीती वाटते, बाबांना झोप येत नाही. तिला कधी हात हलवत परत जावं लागलंय का? इथं मी खूप वेळ विचार केला. मग सांगितलं की आजोबा वारले तेव्हा.

फाइलमध्ये क्रमांक बावीसला लिहिलेलं होतं : दादाजींच्या निधनावर रडली नाही. रडले नव्हतेच. घरभर बायका रडत होत्या आणि माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. मी कोपऱ्यात बसून आजोबांच्या काठीला तेल लावत होते. आजोबा रोज संध्याकाळी लावायचे, त्या दिवशी संध्याकाळ झाली होती आणि ते नव्हते. कोण काय म्हणतंय याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, कारण काम महत्त्वाचं होतं. हे सांगताना मी रडले, आठ वर्षं उशिरा. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना ती काठी आठवत असणार. ती कुणी तेल लावून ठेवली हे त्यांना नऊ जणांना विचारूनही कळलं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

निघताना काकूंनी मला एक कोरी नोटशीट दिली आणि म्हणाल्या, तुझी बाजू लिही. मी घरी येऊन लिहायला बसले, पण एक कागद पुरेना. मग मी सरळ फाइलच घेतली आणि बाबांच्या प्रत्येक नोंदीसमोर, समासात, निळ्या शाईनं लिहून काढलं. मराठीत. चार : उत्तर उशिरा देते, कारण 'कशी आहेस' विचारल्यावर खरंच कशी आहे ते बघते. सात : वरण-भात वेगळे, कारण दोन्ही आवडतात. पंधरा : रविवारी चारची बस नव्हती. बावीस : काठीला तेल लावले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फाइल उघडली आणि घरात भूकंप झाला. शासकीय कागदावर अनधिकृत व्यक्तीनं लिहिणं म्हणजे त्यांच्या लेखी दरोडाच.

"हे कोनं लिहिलं?"

"मी."

"कोनाच्या परवानगीनं?"

"वर विषय म्हणून माह्यंच नाव हाय ना," मी म्हटलं.

आई स्वयंपाकघरात हसली आणि खोकल्याचं नाटक केलं. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सातच्या सरावालाही बसले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता मामीची पोरगी करवली आणि मी शेजारच्या घरी. पाचव्या दिवशी फाइल माझ्या अंथरुणावर होती. माझ्या शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'अवलोकन किया।' खाली आद्याक्षरं आणि दिनांक.

मग मी हिंमत केली. नव्या नोटशीटवर लिहिलं, 'मले करवली व्हायचं हाय.' संध्याकाळी उत्तर आलं, 'आवेदिका अपनी शर्तें निम्नानुसार प्रस्तुत करे।' मी शर्ती दिल्या. एक, बँड आणि फटाक्यांच्या आधी मला सांगावं. दोन, अक्षता माझ्यावर फेकू नयेत. तीन, सुती साडी. चार, मी कुणाच्या डोळ्यांत बघणार नाही, कऱ्याकडे बघीन. पाच, मंगलाष्टकं झाली की मी अर्धा तास कोठीच्या खोलीत बसेन आणि मला बोलवायला कुणी येणार नाही. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन अटींसमोर बाबांनी 'स्वीकृत' लिहिलं. साडीसमोर लिहिलं, 'माताजी से चर्चा उपरांत।'

"एका घरात राहून टपाल चालवून राह्यले दोघं!" आईनं कपाळावर हात मारला. पण सुती साडी तिनं मंजूर केली. मग ताईनं फाइल मागून घेतली, सगळी वाचली, आणि शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मले अजूनही भीती वाटते. पण तूच उभी राह्य.' त्याखाली बाबांचा अंतिम आदेश पडला : 'करवली : नियमानुसार कनिष्ठ भगिनी।'

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारावर कचेरीच्या टाइपरायटरवर टंकलेली एक सूचना लागली. समस्त अतिथींना सूचित केलं होतं की अक्षता वधू-वरांच्या दिशेनं हलक्या हातानं अर्पण कराव्यात, मागे उभ्या असलेल्या करवलीवर अक्षता टाकण्यास मनाई आहे. खाली 'आज्ञा से'. आज्ञा कुणाची ते लिहिलं नव्हतं, पण बालाघाटात 'आज्ञा से' वाचल्यावर पुढे कोण विचारतो? लोकांनी मुकाट्यानं मुठी सैल केल्या. बँडवाल्यांशेजारी बाबा लाल रुमाल घेऊन उभे होते. रुमाल वर गेला की मी कानांत कापसाचे बोळे दाबायचे, मग बँड. वारासिवनीचा बँडमास्तर म्हणाला की एवढी शिस्त त्यानं पंधरा ऑगस्टलाही पाहिली नाही.

सगळं ठीक चाललं होतं. अंतरपाट धरला, तिसरं मंगलाष्टक सुरू झालं, आणि नवऱ्या मुलाच्या मित्रांनी मांडवामागे फटाक्यांची लड लावली. रुमाल नाही, काही नाही. माझ्या डोक्यात सगळं पांढरं झालं. कळलं तेव्हा मी खाली बसलेली होते, करा छातीशी धरून, डोळे मिटून, आणि तोंडातून एकसारखा हुं-हुं आवाज काढत होते. मंगलाष्टक थांबलं. ज्या गोष्टीची ताईला भीती होती ती झाली होती. चारशे माणसं बघत होती.

"काय झालं पोरीले?" भंडाऱ्याचे एक म्हातारे काका मोठ्यानं म्हणाले. "फीट आली का?"

मामी लगबगीनं पुढे आली. तिला वाटलं तिच्या मुलीची वेळ आली. पण त्याआधी बाबा आले आणि माझ्याशेजारी, धोतरासकट, जमिनीवर बसले. मला हात लावला नाही. हात लावलेला मला चालत नाही, हे फाइलमध्ये क्रमांक एकोणीसला होतं.

"फीट नाही," बाबा म्हणाले. "माही लहान पोरगी हाय. तिले न सांगता झालेला आवाज सहन होत नाही." मग थांबले, आणि जरा हळू म्हणाले, "मलेही होत नाही."

म्हातारे काका खुर्चीवरून उठले.

"मंग पह्यले सांगायचं ना, भाऊ!" म्हातारे काका उखडले. "बंद करा रे ते फटाके! पोरगी उठेपर्यंत थांबा सगळे." आणि ते स्वतःच खुर्चीवर बसले. ते बसले म्हणून बाकीचे बसले. ताई अंतरपाटाच्या अलीकडे उभी होती, तिनं मागे न वळता एक हात मागे केला आणि तसाच उघडा धरून ठेवला. मी तो धरला नाही, पण त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग मी उठले. कऱ्यातलं पाणी सांडलं नव्हतं. मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि शेवटपर्यंत ताईच्या मागे मीच उभी होते.

लग्नानंतर आठवड्यानं फाइल शेवटची माझ्या अंथरुणावर आली. या वेळी बाबांनी जुन्या चौतीस नोंदींवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. आधी मला कळेना कशाच्या. चार, सात, अकरा, पंधरा, एकोणीस... एकवीस ठिकाणी खुणा. शेवटच्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं :

'पुनः परीक्षण किया गया। चिह्नित इक्कीस बिंदु अधोहस्ताक्षरकर्ता में भी बाल्यकाल से विद्यमान हैं। अतः इन्हें त्रुटि नहीं माना जा सकता। शेष तेरह इसके अपने हैं। प्रकरण नस्तीबद्ध।'

अधोहस्ताक्षरकर्ता म्हणजे खाली सही करणारे, म्हणजे बाबाच. नस्तीबद्ध म्हणजे फाइल कायमची बंद. खाली सही होती, आणि सहीशेजारी आणखी एका सहीची जागा रिकामी ठेवलेली. मी निळ्या शाईनं सही केली. उरलेले तेरा माझे स्वतःचे आहेत, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही, आणि मी एरवी सगळं मोजते. बाबा साठीला टेकत आले होते. एवढी वर्षं त्यांची फाइल कुणीच उघडली नव्हती, त्यांचं म्हणणं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं, हे मनात आलं आणि मला त्यांची फार माया आली.

त्या संध्याकाळी सात वाजता आईनं कुकर लावला. बाबा उठून मागच्या अंगणात निघाले, मीही त्यांच्या मागोमाग गेले. पेरूखाली आम्ही दोघं उभे राहिलो, एकमेकांकडे न बघता.

आतून आईचा आवाज आला, "आता होऊन राह्यली हो पह्यली!"

"हौ," बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघांनी कानांवर हात ठेवले.